कॅन्डिडाची बुरशी आणि आपले ताट

गेल्या काही महिन्यांत धर्मग्रामातील अनेक जण, विशेषतः भगिनी, एका यादीबद्दल आम्हाला विचारीत आहेत. पाव बंद, इडली बंद, गूळ बंद, केळे बंद, दूध बंद आणि भातही बंद. हे सर्व कशासाठी, तर पोटात यीस्ट वाढले आहे म्हणून. कोणाला ही यादी शहरातल्या नातेवाइकाने धाडलेली असते, कोणाला मुलाने मोबाईलवर दाखविलेली. थकवा, पोट फुगणे, डोके दुखणे, झोप न लागणे, चिडचिड या सगळ्यांचे मूळ म्हणे हेच यीस्ट. दिवसभर वाकून भाताची लावणी करणाऱ्या बाईने भात सोडला, पेज सोडली आणि दूधही सोडले, तर ती खाणार काय आणि दुसऱ्या दिवशी चिखलात उभी राहणार कशी, याचा विचार यादी करणाऱ्याने केलेला दिसत नाही.

आम्ही डॉक्टर नव्हे. परंतु या विषयातील जाणकारांना विचारून आणि वाचून जे खात्रीचे वाटले, ते येथे देत आहोत. यीस्टचा त्रास खोटा नाही. तो पुष्कळांना होतो, लाजेपोटी लपविला जातो, आणि कधी कधी त्याच्या मागे मोठा आजार दडलेला असतो. आहाराशीही त्याचा संबंध आहे, पण यादीत सांगितला आहे तसा नाही.

यीस्ट म्हणजे एकपेशी बुरशी. तिच्या शेकडो जाती आहेत. माणसाच्या अंगावर त्रास देणारी जात बहुतेक वेळा कॅन्डिडा, आणि त्यातही कॅन्डिडा अल्बिकन्स. ही बाहेरून आलेली शत्रू नव्हे. निरोगी माणसांपैकी सुमारे निम्म्यांच्या तोंडात वा आतड्यात ती मुकाट्याने राहत असते. तिच्याबरोबर तेथे असंख्य जिवाणू राहतात आणि जागा व अन्न अडवून तिला वाढू देत नाहीत. भात दाट उभे असले की बांधावरच्या तणाला शेतात पाय ठेवायला जागा मिळत नाही. पीक विरळ झाले की तेच तण महिनाभरात शेत व्यापते. तण नव्याने आलेले नसते, ते तेथेच होते. कॅन्डिडाचेही तसेच आहे. म्हणून ती वाढलेली दिसली की पीक का विरळ झाले, हे पाहिले पाहिजे.

ती कशी ओळखावी? तान्ह्या मुलाच्या जिभेवर आणि गालाच्या आतून दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके दिसतात. दुधाचा थर ओल्या फडक्याने सहज पुसला जातो. हा सहजी निघत नाही, आणि खरवडला तर खाली लाल, क्वचित रक्ताळलेली जागा दिसते. तो खरवडू नये. मूल अंगावर पिणारे असेल तर आईच्या स्तनाग्रांना चुरचुर आणि दुखरेपणा असू शकतो. तसा त्रास असल्यास दोघांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात, नाही तर तो आईकडून मुलाकडे आणि मुलाकडून आईकडे फिरत राहतो. दुपट्याच्या जागी लालभडक चट्टा आणि त्याच्या कडेला लहान लहान तांबडे पुटकुळे दिसले, तर तेही बहुधा हेच.

वृद्धांमध्ये कवळीखालची टाळू लाल होते. पुष्कळ जण कवळी घालूनच झोपतात. तसे करू नये. ती रात्री काढून, घासून, स्वच्छ पाण्यात ठेवावी. दम्यासाठी पंपातून स्टेरॉईड घेणाऱ्यांनी प्रत्येक वेळी नंतर खळखळून चूळ भरून पाणी थुंकून टाकावे. एवढी एक सवय पुष्कळांचे तोंड येणे थांबविते.

अंगाच्या घड्यांमध्ये, म्हणजे जांघेत, काखेत, स्तनांखाली आणि सुटलेल्या पोटाच्या वळीखाली, ओलसर लाल चट्टे येतात आणि आग होते. सतत पाण्यात हात असणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायकांच्या नखांच्या मुळाशी सूज येऊन दुखू लागते. पावसाळ्यात चिखलात उभे राहून पायाच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटतात. आपल्या खानापूर-बेळगाव भागात चिखल्या कोणाला ठाऊक नाहीत? या चिखल्या नेहमी एकट्या कॅन्डिडाच्या नसतात. पाण्याने भिजून कुजलेली कातडी, गजकर्णाची बुरशी, जिवाणू आणि कॅन्डिडा या सर्वांची ती खिचडी असते. तथापि ओल गेल्याशिवाय यांपैकी एकही जात नाही. शेतातून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या मधली जागा स्वतंत्र कोरड्या फडक्याने पुसावी आणि रात्री पाय उघडे ठेवावेत. रबरी बूट वापरणाऱ्यांनी ते उलटे टांगून वाळवावेत.

आता ज्याविषयी आमच्या भगिनी बोलत नाहीत, त्याविषयी. चार स्त्रियांपैकी सुमारे तिघींना आयुष्यात एकदा तरी योनिमार्गात यीस्टचा त्रास होतो. विवाहित-अविवाहित, तरुण-प्रौढ, कोणालाही होतो. तो वाईट चालीचे लक्षण नव्हे, अस्वच्छतेचेही नव्हे. आपल्याकडे सुनेला असा त्रास झाला की तिच्याकडे संशयाने पाहिले जाते. हे अन्यायाचे आहे आणि अज्ञानाचेही. या त्रासात खूप खाज सुटते, आग होते, लघवी करताना झोंबते आणि अंगावरून दह्याच्या चोथ्यासारखे घट्ट पांढरे जाते. त्याला दुर्गंधी बहुधा नसते. जाणारे पाणी पिवळे वा हिरवट असेल, माशासारखा वास असेल, ओटीपोटात दुखत असेल किंवा ताप असेल, तर ते यीस्ट नसून दुसरे काही असण्याचा संभव मोठा. त्यावर यीस्टचे औषध चालत नाही. डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. गरोदर स्त्रीने तर स्वतःच्या मनाने काहीच घेऊ नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. पाळीची फडकी आणि आतले कपडे आपल्या घरांत कोठे वाळत घालतात? न्हाणीघराच्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली, जेथे कोणाची नजर जाऊ नये तेथे. पावसाळ्यात ती तीन तीन दिवस ओलसर राहतात आणि तशीच वापरली जातात. ती साबणाने धुऊन कडक उन्हात घालावीत. ऊन नसेल तर चुलीच्या वरच्या दांडीवर पूर्ण वाळवावीत. घरातील पुरुषांना यात लाज वाटत असेल तर त्यांनी दुसरीकडे पाहावे. योनिमार्ग आतून साबणाने, डेटॉलने वा कोणत्याही औषधी पाण्याने धुऊ नये. त्याने तेथले उपकारक जिवाणू मरतात आणि रोग वाढतो.

तणाला जागा मिळते ती मुख्यतः पुढील कारणांनी. पहिले, अँटिबायोटिक गोळ्या. घसा दुखला की दुकानातून चार गोळ्या आणून खाण्याची जी सवय लागली आहे, तिने जिवाणू मरतात आणि बुरशी मोकळी होते. दुसरे, पोटातून दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉईड. तिसरे, गरोदरपण. चौथे, शरीराची प्रतिकारशक्ती खालावणे. आणि पाचवे, ज्याकडे आम्ही वाचकांचे सर्वांत अधिक लक्ष वेधू इच्छितो, ते म्हणजे मधुमेह.

आमच्या माहितीतील एका विधवा भगिनीला जांघेत आणि खाली सारखी खाज सुटत असे. पाच वेळा मलम आणले, पाच वेळा बरे वाटले आणि पाच वेळा उलटले. कोणीही तिच्या रक्तातील साखर पाहिली नाही. शेवटी पायाची जखम भरेना म्हणून तपासणी झाली, तेव्हा तिला बऱ्याच दिवसांपासून मधुमेह असावा असे निघाले. खाज ही आधीची सूचना होती. पुरुषांतही शिश्नाच्या टोकाला लाली, खाज आणि पांढरा थर वारंवार येणे हे कधी कधी मधुमेहाचे पहिले चिन्ह असते. पण बापई माणूस ते बायकोलाही सांगत नाही.

कारण साधे आहे. रक्तातील साखर दर शंभर मिलिलिटरला सुमारे 180 मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडे ती अडवू शकत नाहीत आणि ती लघवीत उतरते. ओलसर, उबदार जागी गोड पाणी मिळाल्यावर बुरशीला आणखी काय हवे? शिवाय वाढलेल्या साखरेने रक्तातील रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. म्हणून यीस्टचा त्रास वर्षातून तीन-चार वेळा झाला, तर मलम बदलीत बसण्यापेक्षा सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन उपाशीपोटी साखर तपासावी. 126 वा त्याहून अधिक आढळल्यास मधुमेह समजतात. निदान पक्के करण्यासाठी बहुधा दुसऱ्यांदा तपासतात. तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीएवनसी ही चाचणी असते, तिच्यात 6.5 टक्के ही सीमा आहे.

मधुमेहाचे औषध चालू असणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा नावांची औषधे हल्ली पुष्कळांना दिली जातात. ती चांगली आहेत, हृदयाला आणि मूत्रपिंडांनाही त्यांचा लाभ होतो. पण ती साखर लघवीवाटे बाहेर टाकूनच काम करतात, म्हणून त्यांच्यामुळे त्या जागी यीस्ट होण्याचा संभव वाढतो. लघवीनंतर जागा साध्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. त्रास झाल्यास डॉक्टरांना सांगावे, परंतु गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

आता त्या यादीकडे वळू. तिचा उगम आपल्याकडचा नाही. अमेरिकेत ओरियन ट्रस नावाच्या डॉक्टरांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस असे मांडले की, आतड्यातील कॅन्डिडा वाढून सबंध शरीराला थकवा, उदासी आणि शेकडो तक्रारी जडविते. 1983 साली विल्यम क्रूक या दुसऱ्या डॉक्टरांनी त्यावर पुस्तक लिहिले. ते फार खपले, आणि साखर, फळे, पाव व आंबविलेले सर्व पदार्थ वर्ज्य करण्याची प्रथा तेथून जगभर पसरली. 1986 साली अमेरिकेतील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने ही कल्पना सिद्ध झालेली नाही असे जाहीर केले. 1990 साली एक नीट परीक्षा झाली. अशा तक्रारी असलेल्या स्त्रियांना काही काळ बुरशीनाशक निस्टॅटिन आणि काही काळ निव्वळ खोटे औषध दिले. योनिमार्गाची खाज निस्टॅटिनने कमी झाली; मात्र थकवा, उदासी आदी सार्वत्रिक तक्रारींत खऱ्या औषधाने खोट्याहून विशेष अधिक गुण आला नाही. पुढे 1999 साली जर्मन संशोधकांनी निरोगी माणसांना मुद्दाम जादा साखर खाऊ घालून पाहिले. आतड्यातील कॅन्डिडावर तिचा परिणाम फार थोडा झाला. म्हणजे निरोगी माणसाच्या पानातील एका केळ्याने वा गुळाच्या खड्याने पोटात बुरशी माजत नाही.

सकाळी पेल्यात थुंकून थुंकीचे धागे खाली उतरतात का ते पाहण्याची एक चाचणीही सांगितली जाते. थुंकीत नैसर्गिक चिकट द्रव असतो, त्याचे धागे कोणाच्याही पेल्यात उतरतील. या चाचणीला काही अर्थ नाही.

पाव आणि सान्नांबद्दल भीती बाळगणाऱ्यांना सांगतो: पाव फुगविणारे यीस्ट, ताडीतले यीस्ट ही वेगळी जात, आणि भट्टीत वा वाफेत ते मरून जाते. इडलीचे पीठ तर मुख्यतः दह्यासारख्या आम्ल करणाऱ्या जिवाणूंनी आंबते. नाचण्याची आंबील, ताक, दही यांना यादीत वर्ज्य का केले आहे, हे आम्हाला उमगलेले नाही. सणाच्या दिवशी सान्ना खुशाल खाव्यात. फक्त मधुमेह्याने त्या मोजून खाव्यात, कारण त्याला प्रश्न यीस्टचा नसून तांदळाचा आहे.

मग आहाराचा उपयोग नाही काय? आहे, आणि मोठा आहे. ज्याची साखर वाढलेली आहे त्याच्यासाठी आहार हेच अर्धे औषध. आपल्या घरी चहाचा हिशेब कोणी करीत नाही. शेतावर दिवसाला सहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे 50 ग्रॅम साखर निव्वळ चहातून गेली. जागतिक आरोग्य संघटनेने साध्या प्रौढ माणसाला वरून घातलेल्या साखरेची जी कमाल मर्यादा सांगितली आहे, ती साधारण एवढीच आहे, आणि त्याच्या निम्मी असल्यास अधिक बरे असे ती म्हणते. गूळ, काकवी आणि मध हेही साखरच. गुऱ्हाळावर उभे राहून पेलाभर काकवी पिणारा मधुमेही जेव्हा "ही नैसर्गिक आहे" असे सांगतो, तेव्हा हसावे की रडावे कळत नाही. बेळगावचा कुंदा तर बोलूच नये.

भात सोडण्याची गरज नाही, त्याचा ढीग कमी करावा. उरलेल्या जागी हुलगे, मूग, चवळी, मसूर यांची दाट आमटी, पालेभाजी आणि मासळी वा अंडे येऊ द्यावे. एका वेळी भात आणि एका वेळी नाचण्याची वा ज्वारीची भाकरी ठेवली तर पुष्कळांना मानवते. भाकरीही मोजूनच. गोळ्या वा इन्शुलिन घेणाऱ्याने जेवण एकदम कमी केल्यास साखर खाली जाऊन घेरी येऊ शकते, म्हणून बदल डॉक्टरांना सांगून करावा.

दुसरा संबंध रक्ताच्या कमतरतेचा. ओठांचे कोपरे फाटणे आणि तेथे पांढरट चिकट होणे, जीभ गुळगुळीत लाल होऊन तिखट न सोसणे, यामागे लोह किंवा बी जीवनसत्त्वांची उणीव असू शकते आणि त्या फाटलेल्या जागी कॅन्डिडा शिरते. नुसते मलम लावून हे परत परत होते. शेवगा, माठ, अळू, हुलगे, मटण, काळीज, मासळी यांतून लोह मिळते. भाजीवर लिंबू पिळल्याने ते अंगी अधिक लागते. जेवणाबरोबरचा चहा मात्र ते अडवितो, म्हणून दोहोंत तासाभराचे अंतर असावे. बी-बारा जीवनसत्त्व मांस, मासळी, अंडी आणि दूध यांतूनच मिळते. यादीवाल्यांनी दूध सोडायला लावले, भगिनी मटण मुलांना वाढून स्वतः रस्सा खातात, आणि मग थकवा यीस्टमुळे आहे असे समजतात. थकलेल्या बाईचे हिमोग्लोबिन आधी पाहावे. प्रौढ स्त्रीला, ती गरोदर नसल्यास, 12 च्या खाली म्हणजे रक्त कमी. आशा कार्यकर्तीला विचारल्यास लोहाच्या गोळ्या सरकारी केंद्रात मिळण्याची सोय कळेल.

दही खावे, ते पौष्टिक आहे. पण दह्याने यीस्ट बरे होते असा खात्रीचा पुरावा नाही. लसूण किंवा दही योनिमार्गात ठेवण्याचे सल्ले दिले जातात, ते मुळीच मानू नयेत. लसणाने आतली नाजूक कातडी भाजते.

औषधे साधी आणि स्वस्त आहेत. कातडीसाठी एक टक्का क्लोट्रिमॅझोलचे मलम दिवसातून दोनदा, जागा कोरडी करून, साधारण दोन आठवडे लावतात. खाज दोन दिवसांत थांबली म्हणून सोडू नये. योनिमार्गासाठी त्याच औषधाच्या आत ठेवावयाच्या गोळ्या असतात. फ्लुकोनॅझोलची 150 मिलिग्रॅमची एक गोळीही देतात, पण गरोदर स्त्रीला नव्हे. या सर्वांपेक्षा धोक्याचे आहे ते तिहेरी मलम. नळीवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन अशी नावे बारीक अक्षरांत असतील तर ते स्टेरॉईड समजावे. त्याने खाज रात्रीत थांबते, म्हणून ते घरोघर झाले आहे. बुरशी मात्र आतून पसरते, कातडी पातळ होते, जांघेत कायमचे वण पडतात. गावातल्या दुकानदाराने दिले म्हणून ते लावू नये.

निस्टॅटिनचा उल्लेख वर आला, त्याची हकीकत शेतकऱ्यांना आवडेल. एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोन अमेरिकन संशोधिका, एक न्यूयॉर्क शहरात आणि दुसरी ऑल्बनीला, मातीचे नमुने आणि अर्क टपालाने एकमेकींना पाठवून बुरशीचे औषध शोधीत होत्या. 1948 साली हेझन बाईंनी व्हर्जिनियात मित्राच्या गोठ्याच्या शेतातून माती उचलली, आणि त्या मातीतल्या एका सूक्ष्म जिवातून हे औषध निघाले. 1950 साली ते जाहीर झाले. न्यूयॉर्क राज्याच्या नावावरून त्याचे नाव ठेवले. त्यातून आलेले एक कोटी तीस लाख डॉलरहून अधिक स्वामित्वधन त्या दोघींनी स्वतःसाठी न ठेवता संशोधनाला दिले. 1966 साली फ्लॉरेन्समध्ये पूर आला तेव्हा भिजलेल्या चित्रांवरची बुरशी रोखण्यासही हे औषध वापरले गेले.

तोंडातला पांढरा थर घशात उतरून गिळताना दुखू लागले, वजन घटू लागले, किंवा तरुण धडधाकट माणसाच्या तोंडात कारणावाचून असा थर आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. अशा वेळी साखरेबरोबर एचआयव्हीचीही तपासणी करतात. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते आणि गुप्त ठेवली जाते. औषधे नियमित घेणारी माणसे आज संसार आणि शेती करीत दीर्घायुष्य जगत आहेत. भिऊन घरी बसणाऱ्याचेच नुकसान होते. दूध ओढायचे थांबविलेल्या तान्ह्या मुलालाही घरी ठेवू नये.

गोठ्याविषयी थोडे. दगडी झालेल्या गाईच्या सडात एकामागून एक अँटिबायोटिकच्या नळ्या भरूनही दूध सुधारत नसेल, तर कासेत यीस्ट शिरलेले असू शकते. नळीचे टोक किंवा हात स्वच्छ नसले की ते आत जाते. अशा वेळी आणखी नळ्या भरू नयेत. पशुवैद्याकडून दूध तपासून घ्यावे आणि सड वरचेवर पिळून रिकामे ठेवावे. कोंबड्यांतही हीच कॅन्डिडा होते. पक्षी रोडावतो, पिसे फुलवून बसतो, आणि मेलेल्या पक्ष्याचा गळ्याजवळचा चाऱ्याचा कोठा उघडल्यास आत टर्किश टॉवेलसारखा पांढरा खरखरीत थर दिसतो. पाण्यातून फार दिवस अँटिबायोटिक देणे आणि शेवाळलेली पाण्याची भांडी ही त्याची नेहमीची कारणे. भांडी रोज घासून उन्हात वाळवावीत आणि बुरसलेले खाद्य कितीही महाग पडले असले तरी पक्ष्यांपुढे टाकू नये.